सेतु

'सेतु' हा शब्द मोठा चमत्कारिक आहे. आज आपण त्याचा अर्थ पूल असा करतो, आणि सेतु म्हटला की रामरायाची वानरसेना डोळ्यांपुढे उभी राहते. पण धातू पाहावा तर 'सि' म्हणजे बांधणे. सेतु म्हणजे मुळात बांध, दोन शेतांमधला असतो तसा. छांदोग्य उपनिषदाच्या आठव्या अध्यायात आत्म्याला सेतु म्हटले आहे ते याच अर्थाने. हे लोक एकमेकांत कालवून जाऊ नयेत म्हणून तो त्यांना धरून आहे. आणि लगेच पुढे सांगितले आहे की हा सेतु ओलांडला म्हणजे आंधळा डोळस होतो, रात्रीचाही दिवस होतो. जो अडवतो तोच पलीकडे नेतो! पाठशाळेत आम्ही विचारले, एका वस्तूने ही दोन कामे कशी व्हावी? शास्त्रीबुवा म्हणाले, आधी पाठ करा.

ही दोन्ही कामे दगडचुन्यात पाहायची तर उत्तराखंडात बनबशाला जावे. तिथे शारदा नदीवर १९२८ साली पुरा झालेला बंधारा आहे. नेपाळात हीच नदी महाकाली; १८१६ च्या सुगौलीच्या तहापासून ती दोन राज्यांची शीव. बंधाऱ्याला जागा हवी म्हणून इंग्रजांनी १९२० मध्ये नेपाळ दरबाराकडून सुमारे चार हजार एकर जमीन घेतली व तेवढी दुसरीकडे दिली. त्या बंधाऱ्याच्याच माथ्यावरून रस्ता जातो. पुढे गड्डाचौकी, मग महेंद्रनगर. पाणी अडवणारा तोच, माणसे नेणारा तोच.

यात्रेकरूला हे ओलांडणे किती सोपे! १९५० च्या तहाने दोन्हीकडच्या प्रजेला येण्याजाण्याची, राहण्याची, धंदा करण्याची मोकळीक आहे. व्हिसा नको, काही नको. दादरहून निघालेल्या आजीबाई पशुपतिनाथ, मुक्तिनाथ करून, गंडकीचा शाळिग्राम पिशवीत घालून सुखरूप घरी येतात. आणि मग आमच्यातलाच एखादा बुवा कीर्तनात रंगून सांगतो, "नदीला काय ठाऊक हा देश की तो? सीमा ही सगळी माया!" टाळ्याही पडतात.

मला हे बोलणे सोसत नाही. अहो, ज्याला कोणी अडवलेच नाही त्याने अडथळा मिथ्या म्हणण्यात कसले आले ज्ञान? आचार्यांनी व्यवहाराची सत्ता ज्ञान होईपर्यंत खरीच धरली आहे. पोट भरलेल्याने भूक मिथ्या म्हणावी, तसला हा वेदान्त.

आपल्या गिरगावात, लालबाग-परळात रात्री काठी आपटीत फिरणारा गुरखा पाहा. पुष्कळदा तो अछाम, डोटी, बझांग अशा सुदूर पश्चिम नेपाळचा असतो, आणि त्याची घरची वाट याच बनबशावरून जाते. कमरेला वर्षाची कमाई, पाठीवर बोचके. ते बोचके भन्सारावर, म्हणजे जकातनाक्यावर, सोडून दाखवायचे. डिसेंबर २०१८ मध्ये नेपाळ सरकारने शंभराहून मोठ्या भारतीय नोटांना बंदी केली, तेव्हा पाचशेच्या नोटा घेऊन निघालेल्याने काय करावे? मार्च २०२० मध्ये साथीपायी सीमा बंद झाली. वर धारचुल्याला झुलत्या पुलाशी शेकडो नेपाळी मजूर अडकून पडले. समोर, हाकेच्या अंतरावर, स्वतःचा देश! काहींनी शेवटी महाकालीत उड्या घेतल्या आणि पोहून पैलतीर गाठले. त्यांना विचारा सीमा माया आहे का.

म्हणून सीमा पुसून टाका असेही मी म्हणणार नाही. बांध नसला तर वरच्या शेताचे पाणी खालच्या शेताची माती घेऊन जाते. थोरल्या शेजाऱ्याला बांधाचे महत्त्व कळत नाही, धाकट्याला ते रात्रंदिवस कळते. नेपाळ आपल्या शिवेविषयी हळवा आहे तो उगाच नव्हे. उपनिषदाने सेतूला आधी धरून ठेवणारा म्हटले, तरून जाण्याचे नंतर. हा क्रम मला आता फार अर्थाचा वाटतो.

राहता राहिले ते आंधळ्याचे डोळस होणे. ते आपोआप होते काय? आमच्या चाळीत राखणदाराच्या पगाराची वर्गणी निघते, तिची वही आहे. यात्रा करून आलेली आठ-दहा बिऱ्हाडे तिच्यात आहेत. प्रत्येक बिऱ्हाडकरूचे नाव आडनावासकट लिहिलेले. आणि राखणदाराच्या रकान्यात नुसते 'बहादूर'. त्याच्या आधीचा होता तोही बहादूर, आणि त्याच्या आधीचाही.