घरशाळेचा जमाखर्च

मुलांना शाळेत न घालता घरीच शिकवायचं ठरलं की लगेच चौकशी सुरू होते, कुठून काही मदत मिळते का? सरकारकडून रोख मदतीची आशा धरू नये, हे मी आधीच सांगते. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याने सहा ते चौदा वयाच्या मुलांना मोफत शिक्षण दिलं, पण ते शाळेच्या दारातून. मोफत पाठ्यपुस्तकं, गणवेश, पोषण आहार हे सगळं पटावर नाव असलेल्या मुलाला मिळतं. आयकराच्या जुन्या कररचनेत दोन मुलांच्या शाळेच्या ट्यूशन फीवर वजावट आहे. घरी शिकवण्यासाठी आणलेल्या पुस्तकांवर नाही. पुढे मूल चौदा वर्षांचं झालं आणि एनआयओएसमधून (राष्ट्रीय मुक्त विद्यालयातून) दहावीला बसवलं, तर मुलींना, अनुसूचित जाती-जमातींच्या आणि दिव्यांग विद्यार्थ्यांना प्रवेशशुल्क कमी लागतं. तेवढी सवलत जरूर घ्यावी.

पण साहित्यासाठी मदत मागावी लागते, असं मला वाटत नाही. बालभारतीची पुस्तकं पीडीएफमध्ये फुकट उतरवून घेता येतात. १९७१ पासून निघणाऱ्या ‘किशोर’ मासिकाचे जुने अंकही तसेच वाचायला मिळतात. ‘स्टोरीवीव्हर’ या संकेतस्थळावर मराठी गोष्टी आहेत, त्या छापून काढायलाही मोकळ्या. आणि टाकाऊ वस्तूंतून विज्ञान-खेळणी करणाऱ्या अरविंद गुप्तांचं संकेतस्थळ तर खजिनाच आहे. सायकलच्या व्हॉल्व्ह ट्यूबचा बोटाच्या पेराएवढा तुकडा घ्यायचा, त्याच्या दोन्ही टोकांत गुल खरवडून काढलेली एकेक काडी खुपसायची, की सांधा तयार. असे तीन सांधे जोडून त्रिकोण करा, चार जोडून चौकोन. चौकोन दाबला की लगेच तिरका होतो, त्रिकोण हलत नाही. सात-आठ वर्षांचं मूल मग पुलाच्या आणि विजेच्या मनोऱ्याच्या सांगाड्यात त्रिकोण शोधत फिरतं. खर्च म्हणाल तर एक काड्यापेटी आणि वीतभर नळी. फेब्रुवारीच्या २८ तारखेला, विज्ञान दिनाला, पुण्याच्या ‘आयुका’ या खगोलशास्त्र संस्थेची दारं सर्वांसाठी उघडतात. तिथे मुलांच्या प्रश्नांना खरे शास्त्रज्ञ उत्तरं देतात.

एवढं असूनही महागडे संच, ॲपची वार्षिक वर्गणी, ऑनलाइन क्लास घरात येतातच. बहुतेक वेळा ही खरेदी आईबापांची धास्ती करते. आपलं मूल मागे तर पडणार नाही ना? ही धास्ती मला समजते. पण नवीन संच मागवण्याआधी महिनाभर थांबावं, गावातल्या वाचनालयाचं सभासद व्हावं, आणि घरी शिकवणारी दुसरी दोन कुटुंबं शोधून पुस्तकं, सूक्ष्मदर्शक आळीपाळीने वापरावेत.

घरशाळेचा सगळ्यात मोठा खर्च मात्र या कशातच नाही. तो आहे सोडलेल्या नोकरीचा. बहुतेक घरांत ती नोकरी आईची असते. तिचा पगार थांबतो, पीएफ थांबतो, बढतीची वर्षं निघून जातात, आणि या खर्चाची पावती कुणी फाडत नसल्यामुळे हिशेबाच्या वहीत तो दिसत नाही. ‘आम्ही शाळेची फी वाचवली’ असं म्हणणाऱ्या घरात मला नेहमी विचारावंसं वाटतं, ती कुणाच्या म्हातारपणातून वाचवली?

यावर उपाय साधा आहे. आईच्या नावाने पीपीएफ खातं उघडावं. ते वर्षाला किमान ५०० रुपयांत चालू राहतं आणि पंधरा वर्षांनी मुदत भरते. नवऱ्याने बायकोच्या खात्यात भरलेल्या रकमेवर जुन्या कररचनेत त्यालाच वजावट मिळते. मुलांच्या शिक्षणाचा महिन्याचा खर्च लिहायला बसाल तेव्हा पहिली ओळ या हप्त्याची लिहा, पुस्तकांची त्याच्या खाली.