पुढच्या हातासाठी

मे २००९ मध्ये हबल दुर्बिणीची शेवटची दुरुस्ती झाली. सुमारे साडेपाचशे किलोमीटर उंचीवर माइक मॅसिमिनो हा अंतराळवीर तिच्यातल्या एका बंद पडलेल्या उपकरणाशी झगडत होता. झाकणाला शंभरावर स्क्रू होते. ते काढण्याआधी आड येणारा एक दांडा काढायचा होता आणि नेमके त्याच्याच एका स्क्रूचे डोके झिजले. शेवटी जमिनीवरच्या चमूच्या संमतीने त्याने तो दांडा ओढून तोडला. उपकरण पुन्हा चालू झाले.

हबल १९९० मध्ये सोडली गेली, तीच अधूनमधून दुरुस्त करायची या हिशेबाने. तिला धरायला दांडे होते, उघडायला दारे होती, आतली उपकरणे कपाटाच्या खणासारखी काढता-घालता येत. तिच्या आरशात निघालेल्या दोषावर १९९३ मध्ये उपाय करता आला तो यामुळेच. मॅसिमिनोच्या हाती आलेले उपकरण मात्र अख्खे बदलायचे म्हणून घडवलेले होते. ते जागेवरच उघडावे लागेल, हे कुणी धरलेच नव्हते.

त्याच मोहिमेत दुर्बिणीच्या तळाशी एक कडे बसवले गेले. अंतराळवीरांना तिथवर नेणारे स्पेस शटल हे यान निवृत्त होणार होते, माणसाची फेरी पुन्हा होणार नव्हती. उद्या एखादे यंत्रयान तिला सुखरूप खाली उतरवायला आले, तर त्याला पकड मिळावी, एवढाच हेतू.

२००४ च्या स्विफ्ट दुर्बिणीला असे कडे नाही. गॅमा किरणांचे स्फोट टिपणारी ही दुर्बीण २०२५ मध्येही कामाची होती. पण सूर्य सक्रिय झाला की वातावरणाचा वरचा थर फुगतो, आणि त्याच्या घर्षणाने तिची कक्षा झपाट्याने खाली आली. सप्टेंबर २०२५ मध्ये नासाने कॅटॅलिस्ट या कंपनीला तिला वर ढकलण्यासाठी तीन कोटी डॉलरचे कंत्राट दिले. कंपनीच्या यंत्रयानापुढचे अवघड काम ढकलण्याइतकेच धरण्याचेही होते, कारण तिला कधी कुणी धरेल असा विचार करून ती घडवलेलीच नाही.

आपले काम बिघडणारच नाही, असे मानण्यात अभिमान असेल, शहाणपण नाही. घराची वायरिंग असो, संस्थेचे दप्तर असो की शेताच्या वाटणीचा कागद, आपल्यामागून येणाऱ्याला ते उघडता, समजता आणि दुरुस्त करता यायला हवे. आज हाती घ्याल त्या कामात त्याच्यासाठी एक कडे जरूर ठेवा.