नारायणाची 'जादू' आणि राणूबाईंचे डोळे

आजचं वाचन : श्रीमद्भागवत, तिसरा स्कंध, कपिल-देवहूती संवाद (अध्याय 25 ते 33)



आजच्या वाचनाच्या शेवटी एक जागा आहे, तिथे थोडं थांबूया. कपिलमुनी आपल्याच आईला, देवहूतीला, सांख्य आणि भक्ती समजावून सांगतात. तिला ज्ञान होतं. मग तिची अनुज्ञा घेऊन ते निघून जातात. आणि भागवत पुढे काय सांगतं? तत्त्व कळलेलं असूनही ती वासरू हरवलेल्या गाईसारखी व्याकूळ झाली. आईला ज्ञान झालं म्हणून भागवताने तिचं दुःख खोटं ठरवलेलं नाही.

हे वाचलं की मला जांब आठवतं. जालना जिल्ह्यात, घनसावंगी तालुक्यातलं जांब समर्थ. 1608 साली, रामनवमीला, सूर्याजीपंत ठोसर आणि राणूबाई यांच्या पोटी इथे नारायण जन्मला. तेच पुढे समर्थ रामदास झाले. परंपरेतली कथा अशी की, थोरले बंधू गंगाधरपंत लोकांना अनुग्रह देत. छोट्या नारायणानेही मंत्र मागितला. 'तू अजून लहान आहेस,' असं उत्तर मिळालं. पोरगं रुसून थेट मारुतीच्या देवळात जाऊन बसलं आणि तिथे त्याला रामाकडूनच त्रयोदशाक्षरी मंत्र मिळाला. तेरा अक्षरं! लहान मुलाच्या हाती लागलेली जादूच म्हणा ना.

त्या जादूचा परिणाम कुठवर गेला बघा. 1620 साली, बाराव्या वर्षी, नारायण बोहल्यावर उभा होता. मंगलाष्टकांत 'सावधान' शब्द आला आणि तो मंडपातून पळाला. नाशिकजवळ टाकळीला 12 वर्षं तप, नंतर 12 वर्षं तीर्थाटन. इकडे जांबेत राणूबाईंचे डोळे रडून रडून गेले. आणि अंतरपाटापलीकडे हातात माळ घेऊन उभी असलेली ती मुलगी? 'सावधान'ची गोष्ट आपण रंगवून सांगतो, पण तिच्यापाशी कुणी थांबत नाही.

इथे खरा प्रश्न आहे. एकाला देव सापडला, पण त्याची किंमत दुसऱ्याने मोजली. हे बरोबर का?

एक सोपं उत्तर आहे : 'पुढे केवढं लोककल्याण झालं!' झालंच. पण माझ्या खात्यातला लाभ तुमच्या खात्यातला तोटा भरून काढत नाही. आमच्या कोडिंगच्या भाषेत सांगायचं तर, फंक्शनने उत्तर अचूक दिलं पण जाता जाता दुसऱ्याच कुणाचा डेटा बदलून टाकला, तर 'आउटपुट बरोबर आहे' म्हणून सुटका होत नाही.

दुसरं सोपं उत्तर : 'त्याने जायलाच नको होतं.' पण बारा वर्षांच्या मुलाला काय माहीत की आपल्या एका धावेने आईची दृष्टी जाईल? त्याच्या मनात कुणाला दुखवायचं नव्हतं.

मला वाटतं, इथे दोन शब्द वेगळे ठेवायला हवेत : दोष आणि देणं. अजाणत्या मुलावर दोष येत नाही. पण देणं उरतंच. मूल मोठं झालं, शहाणं झालं, की ते फेडायला त्याने परत यायला हवं.

समर्थ परत आले. 24 वर्षांनी जांबेच्या दारात भिक्षेसाठी उभे राहिले. आईने आवाज ओळखला. त्यांनी तिच्या डोळ्यांवरून हात फिरवला आणि तिला दिसू लागलं, असं परंपरा सांगते. तेव्हा माउलीने विचारलं, 'ही कसली भूतविद्या शिकून आलास?' त्यावर मुलाचं उत्तर एवढंच की, मला लागलेलं भूत म्हणजे राम.

चमत्कार मानायचा की नाही, ते ज्याचं त्याने ठरवावं. मला त्यापुढचा भाग मोठा वाटतो. ते काही काळ आईजवळ राहिले, तिला कपिलगीता, म्हणजे आज आपण वाचला तोच संवाद, सांगितला आणि या वेळी तिची आज्ञा घेऊन निघाले. बाराव्या वर्षी न विचारता गेलेला मुलगा छत्तिसाव्या वर्षी विचारून गेला! आणि मंडपातून पळालेल्या याच माणसाने दासबोधाच्या बाराव्या दशकाच्या पहिल्याच समासात, आधी संसार नीट करा, असं सांगितलंय. परमार्थासाठी घर वाऱ्यावर सोडा, असं नाही.

अंतरपाटापलीकडच्या मुलीचं देणं मात्र या कथेत फिटत नाही. ते तसंच दिसू द्यावं. समर्थांवरची भक्ती त्याने कमी होत नाही.

आपल्यालाही वयाच्या पंचविशीत, तिशीत नाम सापडतं, ध्यान सापडतं. नवं असतं तेव्हा जादूच वाटते. दहा दिवस शिबिरात फोन बंद, आणि घरी आई काळजीत. पहाटे आपलं अनुष्ठान, आणि डबा, मुलांची शाळा सगळं बायकोच्या डोक्यावर. साधना आपली, पण खर्च कुणाच्या खात्यातून जातोय?

आजचा संकल्प : माळ हातात घेण्याआधी त्या माणसाला विचारायचं, 'तुला माझ्यामुळे त्रास होतोय का?' आणि जे उत्तर येईल ते शांतपणे ऐकायचं. मग जपाला बसायचं.

जय जय रघुवीर समर्थ!