चिखलाच्या टाक्यातील प्रेषित

रोज फजरनंतर आयतुल कुर्सी पढून मुलाला घराबाहेर पाठवणाऱ्या एका मातेने त्याच्या दफनानंतर काही दिवसांनी मला विचारले, "मौलाना, माझ्या पढण्यात काय चुकले?" तो प्रश्न मनात घेऊन मी हजरत इर्मिया (अ.) यांचा वृत्तांत पुन्हा वाचला.

पवित्र कुरआनात त्यांचे नाव नाही. मात्र मुस्लिम भाष्यकार त्यांना बनीइस्राईलच्या प्रेषितांत गणतात आणि ज्यूंच्या हिब्रू धर्मग्रंथांत त्यांच्या नावाचा स्वतंत्र ग्रंथ आहे. मराठी बायबलात तो 'यिर्मया'. अहले किताब हिब्रू तौरात वाचून तिचा अर्थ अरबीत सांगत, तेव्हा प्रेषित मुहम्मद (स.) यांनी फर्मावले की त्यांना खरेही ठरवू नका आणि खोटेही. त्या मर्यादेत राहूनच हे लिहीत आहे.

त्या ग्रंथानुसार, लोक झगडतील पण मात करू शकणार नाहीत, असे आश्वासन इर्मिया (अ.) यांना आरंभीच मिळाले होते. संरक्षणाच्या वचनातच संकटाची सूचना होती! त्याच काळात उरीया नावाचे दुसरे संदेशवाहक तोच इशारा देत होते. ते जीव वाचवण्यासाठी मिसरला गेले. राजा यहोयाकीमच्या माणसांनी त्यांना पकडून आणले आणि राजाने तलवारीने ठार केले. इर्मिया (अ.) मात्र अहीकाम नावाच्या एका वजनदार माणसाच्या पाठिंब्यामुळे वाचले. संदेश एकच, शेवट दोन. उरीयांचे ईमान उणे होते, असे तो ग्रंथ कोठेही म्हणत नाही.

पुढे इसवी सन पूर्व 588 च्या सुमारास बुख्तनस्सरच्या सैन्याने यरुशलेमला वेढा घातला. शरण जाल तर जगाल, असे सांगणाऱ्या इर्मिया (अ.) यांना सरदारांनी एका टाक्यात सोडले. त्यात पाणी नव्हते, नुसता चिखल होता. ते त्यात रुतले. राजा सिद्कीयाने आधीच हात झटकले होते. अशा वेळी राजवाड्यातील एक हबशी सेवक उठला. त्याला एबद-मलेख म्हणतात, म्हणजे 'राजाचा चाकर'. हे नाव की नुसता हुद्दा, कोण जाणे. त्याने भर दरबारी वेशीत राजाला गाठून परवानगी मिळवली, माणसे घेतली आणि कोठारातून जुन्या चिंध्या आणल्या. दोर काचू नयेत म्हणून त्या काखेत धरा, असे वरून सांगून त्याने प्रेषितांना बाहेर ओढले. आकाशातून कोणी उतरले नाही. सुटका झाली तीही पहाऱ्याच्या चौकापर्यंतच, शहर पडेपर्यंत इर्मिया (अ.) तेथेच कैदेत होते.

अमुक वेळा पढा म्हणजे केसालाही धक्का लागणार नाही, असे सांगणारे आपल्याकडे कमी नाहीत. आयतुल कुर्सीची फजीलत हदीसने सिद्ध आहे, तिच्याविषयी शंका नाही. परंतु सूरह रअदमध्ये माणसाच्या पुढे-मागे राहून त्याचे रक्षण करणाऱ्या फरिश्त्यांचा उल्लेख आहे, त्याविषयी हजरत इब्ने अब्बास (रजि.) यांचे स्पष्टीकरण असे की, अल्लाहचा निर्णय येतो तेव्हा ते बाजूला होतात. आणि भय, भूक व प्राणहानी यांनी परीक्षा घेतली जाईल, हे सूरह बकरामध्ये श्रद्धावंतांनाच सांगितले आहे.

त्या मातेला मी उरीयांची हकीकत सांगितली. तिच्या पढण्यात काही चुकले नव्हते, एवढेच म्हणालो. ती बराच वेळ गप्प होती. मग तिने विचारले, "त्या चिंध्या आणणाऱ्याचे पुढे काय झाले?" शहर पडेल तेव्हा तू वाचशील, असा निरोप अल्लाहने इर्मिया (अ.) यांच्याच मुखाने त्याला पाठवला, असे त्या ग्रंथात आहे.