ऐनवेळचे शहाणपण

गण झाला, गौळण झाली आणि वग सुरू होण्यापूर्वी तमाशाच्या बोर्डावर बतावणी रंगू लागली, की सोंगाड्याच्या हाती पाठ केलेली संहिता बहुधा नसते. असते ती केवळ प्रसंगाची ढोबळ रूपरेषा, जोडीदाराचा प्रश्न आणि समोर बसलेल्या गावाची ताजी हकिकत. अशा वेळी बत्ती फुरफुरली, किंवा पुढच्या रांगेतले एखादे पोर रडू लागले, तर तो व्यत्यय न मानता, जणू तेही आपल्याच फडातले पात्र आहे अशा सहजतेने, तो त्याला संवादात दाखल करून घेतो. 1965 साली रंगभूमीवर आलेल्या वसंत सबनीसांच्या ‘विच्छा माझी पुरी करा’ या वगनाट्यात हवालदाराचे काम करणारे दादा कोंडकेही लेखकाच्या शब्दांत ताज्या घडामोडींवरील कोट्या अशाच मिसळीत.

हा हजरजबाबीपणा केवळ जिभेची करामत आहे, असा आपला समज असतो; परंतु वस्तुतः तो कानांची तपश्चर्या आहे, कारण जोडीदाराचे वाक्य पुरते ऐकल्यावाचून त्याला शोभेल असे उत्तर कोणालाही सुचत नाही. आपल्या नित्याच्या व्यवहारालाही लिखित संहिता कुठे असते? म्हणून आज कोणी आपल्याशी बोलू लागेल, तेव्हा उत्तराची जुळवाजुळव करण्यापूर्वी त्याचे शेवटचे वाक्य तेवढे पुरते ऐकून घ्यावे.