विश्रांतीने न फिटणारा थकवा

कामाने पिचलेल्या माणसाला आपल्याकडे पहिला सल्ला मिळतो तो रजेचा. चार दिवस गावी जा, पोटभर झोप काढ, मोकळा हो. पुष्कळांना तो लागूही पडतो. पण एडीएचडी (लक्ष टिकवणं आणि आवेग आवरणं जड जाणारी अवस्था) असलेला माणूस रजेवरून परतला की आठवड्याभरात बरेचदा पुन्हा तसाच गळून जातो, आणि मग ‘याला काम करायचंच नाही’ असा शिक्का बसतो. माझं म्हणणं असं की हा थकवा निव्वळ कामाच्या ओझ्याचा नसतो. काम सुरू करणं, त्याचा क्रम लावणं, किती वेळ लागेल याचा अंदाज बांधणं ही इतरांना फुकटात जमणारी कामं या माणसाला रोज नव्याने, जोर लावून करावी लागतात. शिवाय ती जमत नाहीत हे कुणाला कळू नये म्हणून वेगळी धडपड. रजेत ती थांबते आणि टेबलापाशी बसताच पुन्हा सुरू होते. तेव्हा उपाय माणसाच्या निश्चयात शोधण्याआधी कामाच्या घडणीत शोधायला हवा.

कामातून येणाऱ्या थकव्याला, म्हणजे बर्नआउटला, अभ्यासविषय म्हणून जागा मिळाली ती १९७४ मध्ये, हर्बर्ट फ्रॉइडेनबर्गर या मानसशास्त्रज्ञाने न्यूयॉर्कच्या मोफत दवाखान्यातल्या स्वयंसेवकांच्या अवस्थेवर लिहिलं तेव्हा. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२२ पासून लागू झालेल्या रोगवर्गीकरणात त्याची तीन अंगं सांगितली आहेत: शक्ती संपल्याची भावना, कामाबद्दल येणारा परकेपणा किंवा कडवटपणा आणि घटलेली परिणामकारकता. मात्र तिथे त्याला आजार म्हटलेलं नाही, नोकरीतून उद्भवणारी स्थिती म्हटलं आहे. एडीएचडी त्याच वर्गीकरणात मेंदूच्या विकासाशी निगडित विकार म्हणून नोंदलेला आहे. एडीएचडी डॉक्टरच्या वाट्याचा, बर्नआउट साहेबाच्या. आणि दोन्ही एकाच देहात वावरतात याची दखल घेणं कुणाचंच काम नाही. इस्रायलमधल्या संशोधकांनी १७१ कर्मचाऱ्यांवर केलेल्या आणि २०२४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात या दोहोंना जोडणारा दुवा दिसतो. एडीएचडीची लक्षणं जास्त असलेल्यांत बर्नआउट जास्त होता, आणि या नात्याचा मोठा भाग वेळ सांभाळणं व कामाची मांडणी करणं यांतल्या अडचणींतून जात होता. अभ्यास लहान आहे, माहिती कर्मचाऱ्यांनी स्वतः भरलेली आहे, त्यामुळे त्याच्यावर फार मोठी इमारत उभारू नये. पण त्याआधी, २००८ मध्ये, दहा देशांतल्या नोकरदारांच्या सर्वेक्षणातही एडीएचडी असलेल्यांचे वर्षाला सरासरी सुमारे २२ दिवस जास्तीचे वाया जातात असं आढळलं होतं. त्यातले गैरहजेरीचे दिवस कमी होते. बरेचसे जागेवर असून काम न सरण्याचे होते.

हे समजून घ्यायला पवनी तालुक्यातलं कोंढा हे धानाचं गाव चांगलं उदाहरण आहे, कारण इथे कामाच्या दोन तऱ्हा शेजारी शेजारी नांदतात. रोवणीच्या दिवसांत चिखलणी झालेल्या बांधीत पऱ्ह्यांच्या, म्हणजे धानाच्या रोपांच्या, जुड्या पडलेल्या असतात, बाया ओळीने वाकून चूड लावत मागे सरकत जातात. कधी सुरू करायचं ते पाऊस ठरवतो, वेग सोबतीण ठरवते आणि किती झालं ते डोळ्यांसमोर हिरवं दिसतं. रोवणी सोपी आहे असं कुणी म्हणू नये. दिवसभर पाण्यात वाकून कंबर मोडते. पण डोक्यात क्रम धरून ठेवण्याचा भार तिथे कामानेच उचललेला असतो. त्याच धानाचं कागदी काम पाहा. ठरलेल्या मुदतीत शेतात उभं राहून मोबाइलवर ई-पीक पाहणी करायची, पीक विम्याची तारीख गाठायची, आधारभूत केंद्रावर विक्रीसाठी सातबारा घेऊन ऑनलाइन नोंदणी करायची, सोसायटीच्या कर्जाची परतफेड लक्षात ठेवायची. यातलं काहीही समोर दिसत नाही, कुणी सोबत नसतं, आणि चूक कळते ती मुदत उलटल्यावर. एडीएचडीच्या मेंदूला नेमकं हेच जड जातं. म्हणून ‘हे शहरातल्या वातानुकूलित कचेऱ्यांचे चोचले, खेड्यात कुठला एडीएचडी’ हा आक्षेप मला मान्य नाही. वीस देशांच्या पाहणीत प्रौढांमध्ये त्याचं प्रमाण सुमारे २.८ टक्के निघालं; कमी उत्पन्नाचे देशही त्या पाहणीत होते. खेड्यात निदान होत नाही, एवढंच. इथे अशा माणसाला धांदरट, आरंभशूर, विसरभोळा म्हणतात, आणि मुलगी गप्प बसून खिडकीबाहेर पाहत असेल तर तेही म्हणत नाहीत.

खेड्यातली सरकारी कामंही आता अशाच तुकड्यांची झाली आहेत. आशा सेविकेच्या मोबदल्याचा काही भाग कामागणिक ठरतो, म्हणजे त्यासाठी प्रत्येक भेटीची नोंद तिनेच सांभाळायची. जिल्हा परिषदेचा शिक्षक वर्गात उभा असताना व्हॉट्सअॅपवर ‘आजच माहिती पाठवा’ येतं. शिक्षणहक्क कायद्याच्या कलम २७ ने जनगणना, आपत्ती निवारण आणि निवडणुका सोडून शिक्षकाला बिगरशैक्षणिक कामाला जुंपायला मनाई केली आहे. तरी तक्ते, फोटो आणि अपलोड संपत नाहीत. एडीएचडी असलेला, पण चाळीस पोरांसमोर उत्तम रंगणारा शिक्षक या तक्त्यांपाशी मोडतो, आणि वर्षाअखेरीस त्याची पारख होते ती तक्त्यांवरून. मला हे अन्यायाचं वाटतं.

मोबाइलने सगळ्यांचंच लक्ष उडवलं आहे, मग एडीएचडीचं वेगळं काय, असंही विचारलं जातं. प्रश्न रास्त आहे. निदानाची अट अशी की लक्षणं बारा वर्षांच्या आधीपासून हवीत, एकाहून अधिक ठिकाणी दिसायला हवीत आणि त्यांनी जगणं अडवलेलं हवं. कालपरवाच्या रील्सनी ही अट भागत नाही. याहून वजनदार आक्षेप सवलतीचा आहे: एकाला मोकळीक दिली की त्याचं काम शेजाऱ्याच्या गळ्यात पडतं. कधी कधी पडतंही, आणि ते झाकून चालणार नाही. पण इथे मागणी काम कमी करण्याची नाहीच. तोंडी हुकमाऐवजी लेखी, एका वेळी एकच काम, मोठ्या कामाला मधले टप्पे, आणि कंटाळवाणं काम कुणाच्या तरी सोबतीने करण्याची मुभा, एवढंच मागायचं आहे. यातलं काही शेजाऱ्याच्या वाट्याचं घेत नाही. उलट त्यालाही सोयीचंच पडतं.

माणसाने स्वतः काहीच करायचं नाही, असं मात्र मी म्हणत नाही. औषधं अनेकांना खरोखर उपयोगी पडतात आणि त्यांची लाज बाळगण्याचं कारण नाही. उत्साहाच्या भरात प्रत्येक कामाला ‘हो’ म्हणण्याची खोड त्यालाच आवरावी लागेल. पण औषधासाठी आधी मानसोपचारतज्ज्ञ हवा, आणि प्रौढांचा एडीएचडी ओळखणारा तज्ज्ञ गाठायचा तर कोंढ्याच्या माणसाला बरेचदा नागपूरची बस धरावी लागते, म्हणजे दिवसाचं काम बुडतं. २०२२ मध्ये सुरू झालेल्या टेलि-मानसचा १४४१६ हा क्रमांक मराठीत बोलतो, धीर देतो, वाट दाखवतो. निदानाची जागा तो घेऊ शकत नाही. कायद्याचीही बाजू लंगडी आहे. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात २१ प्रकार आहेत, त्यांत स्वमग्नता आहे, अध्ययन अक्षमता आहे, एडीएचडीचं स्वतंत्र नाव नाही. सरकारी आस्थापनेने दिव्यांग कर्मचाऱ्याला योग्य सोयी द्याव्यात असं कलम २० सांगतं, पण यादीत नाव नसलेल्याने ते कलम कुणापुढे धरायचं? ती यादी वाढवण्याची मागणी नेटाने व्हायला हवी, आणि ती मान्य व्हायला वर्षं जातील. शाळांवर देखरेख ठेवणाऱ्या केंद्रप्रमुखाला मात्र पुढच्या महिन्याचे अहवाल एका कागदावर तारखांसकट लिहून शाळेच्या भिंतीवर लावायला आजही कुणाच्या मंजुरीची गरज नाही.