उभी फांदी

शेजाऱ्यांना न दुखावता आंबा छाटायचा, असं मी घरात म्हणत असतो. पण न दुखावणं म्हणजे त्यांची अडचण दूर करणं, की त्यांचं तोंड बंद राहील अशी सोय करणं? दर मे महिन्यात भिंतीपलीकडे पेटीभर आंबे जातात. ते प्रेमानं जातात, हे खरं. त्यांच्या अंगणात पडणाऱ्या पाल्याचं ते भाडंही असतं, हेही तितकंच खरं.

पुण्यातल्या आमच्या बंगलीच्या उत्तरेला काकांचं घर. थंडीत त्यांच्या सोलरचं पाणी कोमटच राहतं. त्यांनी ते चेष्टेच्या सुरात सांगितलं, आणि मी लगेच भिंतीवर झुकलेली फांदी काढून देतो म्हणालो. तीच का? ती सगळ्यांना दिसते, काढल्यावर औदार्यही दिसतं आणि माझं काही जात नाही. डिसेंबरात पुण्याचा सूर्य भर दुपारीसुद्धा दक्षिणेला क्षितिजापासून साधारण 48 अंशच वर येतो. म्हणजे झाड गच्चीच्या वर जितकं उंच, जवळजवळ तितकीच लांब सावली त्या गच्चीवर. काकांचं ऊन अडवतो तो मधल्या उभ्या फांदीचा शेंडा. झुकलेली फांदी फक्त पाला टाकते. हे मला तेव्हाही माहीत होतं.

शेंड्याचा विषय निघाला की मी शास्त्र काढतो. नुसते शेंडे उडवले की कापाशी फुटव्यांचे झुबके येतात आणि ते वाऱ्यात मोडतात, हे खोटं नाही. पण जुन्या आंब्याची मधली उभी फांदी थेट बेचक्यापासून काढून आत ऊन येऊ द्यावं, हेही फळबागवाले सांगतात. आधी खालून अर्धवट काप, मग वरून, म्हणजे साल सोलवटत नाही. शेवटचा काप फांदीच्या मुळाशी असलेल्या फुगीर कडेला धक्का न लावता. शास्त्रातलं मला सोयीचं तेवढंच मी काकांना ऐकवलं.

कायद्याचंही तेच. झाडांच्या संरक्षणाच्या 1975च्या अधिनियमामुळे शहरात स्वतःच्या आवारातल्या झाडालाही परवानगीशिवाय हात लावता येत नाही. ‘परवानगी लागते हो काका,’ हे वाक्य मी फार आदरानं म्हणतो. अर्ज मात्र भरलेला नव्हता. पूर्वेकडच्या वहिनींच्या गाडीला दुपारी सावली लागते, हीसुद्धा माझीच सबब. वहिनींना मी कधी विचारलेलं नाही.

मग उभी फांदी मला एवढी का जपायची आहे? उत्तर शोधावं लागत नाही. गल्लीच्या तोंडापासून ती दिसते, आणि येणाऱ्याला मी घराची खूण तीच सांगतो.

आंबे उतरले की जूनमध्येच काम व्हायला हवं. मोहोर पक्व डिरांच्या टोकांना येतो. उशीर केला तर नव्या पालवीला जून व्हायला वेळ मिळत नाही. अर्जात आता मधली फांदी लिहिली आहे. ती दोरानं सावकाश खाली सोडावी लागेल, म्हणजे माणसं जास्त आणि मजुरीही जास्त. काकांना विचारलं तर ते संकोचानं निम्मे पैसे देतील, म्हणून विचारायचं नाही असं ठरवलंय. अर्थात मजुरीचा आकडा अजून कळायचाय.